नाव गाळून वाचलेलं मानपत्र

आमच्या युवा केंद्राच्या स्मरणिकेसाठी इनामदार सरांवर माझ्याकडे दोनशे शब्द मागितले होते. मी दिले. 'सरांच्या जाण्याने केंद्राची अपरिमित हानी झाली' असं एक वाक्य त्यात आहे. सरांनी ते वाचलं असतं तर 'अपरिमित'वर काट मारून समासात लिहिलं असतं, 'किती ते सांगा.' त्या दोनशे शब्दांत जे बसलं नाही, खरं म्हणजे मी बसू दिलं नाही, ते इथे लिहिते आहे.

सर कोल्हारचे. प्रवरेच्या पुलापासून हाकेच्या अंतरावर घर. जवळच्याच एका हायस्कूलमध्ये तीस वर्षं मराठी शिकवून निवृत्त झालेले. मुनीर इनामदार नावाचा माणूस मराठी शिकवतो याचं प्रत्येक नव्या हेडमास्तरांना पहिल्या दिवशी नवल वाटायचं, आणि पंधरा दिवसांत ते स्वतःचे अर्ज सरांकडून तपासून घ्यायला लागायचे. उंच, किडकिडीत अंग, पांढरा सदरा, खिशाला शाईचं पेन आणि खिशाच्या तळाशी शाईचा डाग. "नवा सदरा आणला की आधी डाग पाडून घेतात, मगच अंगात घालतात," असं त्यांच्या पत्नी रझियाभाभी म्हणायच्या.

पण जिल्ह्यात सरांना ओळखायचे ते मानपत्रांसाठी. आपल्याकडे सत्कारांना तोटा नाही. माणूस निवृत्त झाला, निवडून आला, नुसता साठीचा झाला तरी शाल, श्रीफळ आणि चौकटीत बसवलेलं मानपत्र ठरलेलं. शाल पुढच्या सत्काराला फिरते, नारळाची चटणी होते, मानपत्र मात्र भिंतीवर राहतं. ते लिहून देणारे प्रत्येक तालुक्यात दोन-चार असतातच. त्यांच्याकडे मजकूर तयार असतो, नाव तेवढं बदलायचं. सरांचं काम शिंप्यासारखं होतं. माप घेतल्याशिवाय कातरीला हात लावायचे नाहीत.

आणि माप घ्यायची त्यांची एक रीत होती. ज्याचा सत्कार आहे त्याला ते भेटायचेच नाहीत. "त्याला काय विचारायचं? तो स्वतःबद्दल चांगलंच बोलणार." ते भेटायचे त्याच्या हाताखालच्या माणसाला. ड्रायव्हर, शिपाई, मोलकरीण, गडी. बोलून घ्यायचे, घरी येऊन लिहायचे, आणि लिहिलेलं घेऊन पुन्हा त्याच माणसाकडे जायचे. मग त्यातलं नाव, गाव, हुद्दा सगळं गाळून ते वाचून दाखवायचे आणि विचारायचे, "हा कोण, सांगा." ऐकणाऱ्याने माणूस ओळखला तर मानपत्र पास. नाही ओळखला तर कागद फाडून पुन्हा पहिल्यापासून.

एका पतसंस्थेच्या चेअरमनसाहेबांचं मानपत्र सरांनी असंच त्यांच्या ड्रायव्हरला ऐकवलं. पिंपळाखाली गाडी पुसता पुसता त्याने सगळं नीट ऐकून घेतलं. दानशूर, मितभाषी, परस्त्री मातेसमान. सर म्हणाले, "कोण हा?"

ड्रायव्हरने फडकं पिळून बॉनेटवर टाकलं. मग म्हणाला, "ह्ये आमच्या सायबांच्या वडलांचं असंल. त्ये वारले म्हना. पन मानूस चांगला हुता."

सरांनी चेअरमनसाहेबांना निरोप पाठवला की मला तुमचं जमणार नाही, तुमच्या वडिलांचं सांगितलंत तर फुकट लिहून देईन. साहेबांनी वर्षभर सरांशी बोलणं टाकलं. सरांना त्याचं सुखच झालं.

उलटही व्हायचं. शाळेतल्या एका मुख्याध्यापिकेचं मानपत्र त्यांनी तिथल्या शिपाई मावशींना ऐकवलं. दुसऱ्याच वाक्याला मावशींनी पदर तोंडाला लावला. वाक्य एवढंच होतं: 'खडूचा उरलेला तुकडाही या जपून ठेवत, आणि तो न मागता मिळे तो फक्त फळ्यापाशी रडणाऱ्या मुलाला.' मावशी म्हणाल्या, "बाईच हायेत या. पुढं वाचू नका, मला झाडून काढायचंय."

विशेषणांचं सरांना वावडं होतं. "विशेषण म्हणजे पाहुणा. एक आला तर चहा होतो, चार आले तर घरातली माणसं उपाशी." हे ते इतक्या वेळा म्हणत की आमच्या मुलांनी ते केंद्राच्या फळ्यावर लिहून ठेवलं होतं आणि खाली बारीक अक्षरात 'आम्ही उपाशी' असं जोडलं होतं.

स्वतःलाही त्यांनी सोडलं नाही. ते निवृत्त झाले तेव्हा सहकाऱ्यांनी त्यांचं मानपत्र लिहिलं. सरांनी ते आदल्या दिवशी मागून घेतलं, घरी नेलं आणि नाव गाळून भाभींना वाचून दाखवलं. भाभी तव्यावरची रोटी उलटत होत्या. सगळं ऐकून म्हणाल्या, "कौन है ये? भला आदमी लगता. एक दिन घर पे चाय को बुलाओ ना." सरांनी सत्कारात शाल घेतली, नारळ घेतला, मानपत्र परत केलं, आणि ही गोष्ट तिथल्या तिथे माइकवरून सांगितली. लोक खुर्च्यांवरून पडायचे बाकी राहिले होते. सर हसले नव्हते. भाभींचं म्हणणं त्यांनी मनाला लावून घेतलं असावं, कारण त्यानंतर ते रोज संध्याकाळचा चहा स्वतः करायला लागले.

आमच्याकडे ते आले निवृत्तीनंतर. नगरला आमचं युवा केंद्र आहे. आता जिल्ह्याचं नाव बदललं, पण आमच्या तोंडी नगरच बसलंय. पाथर्डी-शेवगावकडची कोरडवाहू घरं दसरा-दिवाळीनंतर ऊसतोडीला निघतात. त्यांची सोळा ते वीस वर्षांची मुलंमुली मागे ठेवून घ्यायची, त्यांना वेल्डिंग, वायरिंग, शिवण, कॉम्प्युटर असं काहीतरी शिकवायचं आणि कामाला लावायचं, एवढाच आमचा उद्योग. मी तिथली व्यवस्थापक. सर दर शनिवारी कोल्हारहून एसटीने येत, मुलांना अर्ज लिहायला शिकवत आणि चार वाजता परत जात. मुलांना ते एकच अभ्यास पुन्हा पुन्हा द्यायचे: वर्गातल्या कुणावर तरी पाच ओळी लिहा, नाव घालू नका. मग कागद मोठ्याने वाचायचे आणि सगळ्यांनी ओळखायचं.

त्या वर्गात सोपान होता. पाथर्डीच्या पुढच्या एका वस्तीवरचा. बाप नव्हता, आई कौसाबाई आणि धाकटी बहीण मनीषा. वेल्डिंगला त्याचा हात इतका सरळ होता की शिकवणारे मिस्त्री त्याचा जोड दुसऱ्यांना दाखवायचे. सरांचा तो लाडका होता, आणि सर लाडक्यांना जास्त रागवायचे. कोर्स संपल्यावर आम्ही त्याला वसंतशेठकडे कामाला लावलं. शेठ कारखान्यांच्या शेड बांधायचे. आमच्या केंद्राचे ते देणगीदार. मुलांना काम द्यायला कधी नाही म्हणायचे नाहीत. ओळख मीच करून दिली होती.

सातव्या महिन्यात सोपान एका शेडच्या छतावरून खाली आला. पट्टा नव्हता. जाळी नव्हती. दवाखान्यात नेईपर्यंत काही उरलं नव्हतं.

दुसऱ्या दिवशी कळलं की वसंतशेठच्या हजेरीवर सोपानचं नावच नाही. सात महिने तो तिथे राबला, आणि कागदावर तो तिथे कधी नव्हताच. शेठच्या माणसांनी पोलिसांना सांगितलं, पोरगा मित्राला भेटायला आला होता, हौसेने वर चढला. मित्रानेही तेच सांगितलं. त्यालाही तिथेच कामाला राहायचं होतं.

आमच्या कार्यकारिणीची बैठक झाली. दुःख व्यक्त झालं. पुढे काय करायचं यावर सगळे चहाच्या कपात बघायला लागले. 'चौकशी चालू असताना आपण बोलणं योग्य नाही' असं ठरलं, आणि इतिवृत्तात ते वाक्य मी स्वतः लिहिलं. सर बैठकीत नव्हते. ते सोपानच्या दहाव्याला गेले होते. केंद्रातून गेलेले ते एकटेच. शनिवारी आले तेव्हा त्यांनी मला विचारलं, "बाई, तो कामाला होता हे आपल्याला माहीत आहे ना?"

मी म्हणाले, "माहीत आहे सर."

"मग ठीक," असं म्हणून ते वर्गावर गेले. ते 'ठीक' मला त्या वेळी सोपं वाटलं होतं.

वर्ष उलटलं. आमचं केंद्र एका भाड्याच्या गोदामात होतं आणि मालकाला ते पाडून मंगल कार्यालय बांधायचं होतं. दिवाळीपर्यंत जागा सोडा म्हणाला. चौसष्ट मुलं होती. जागा गेली तर त्यांनी आईबापांच्या मागोमाग ट्रॅक्टरच्या ट्रॉलीत बसून उसाच्या फडावर जायचं, याशिवाय दुसरं काही नव्हतं. तेव्हा वसंतशेठ पुढे आले. माझी रस्त्यालगत जागा पडून आहे म्हणाले, ती देतो, वर इमारतही बांधून देतो. आमच्या अध्यक्षांनी त्यांचे हात हातात घेतले. मीही तिथे होते, आणि मलाही हायसं वाटलं हे लिहायला हवं.

मग ठरलं की शिर्डीच्या एका मोठ्या हॉटेलात पुरस्कार सोहळा आणि स्नेहभोजन करायचं. एकेक टेबल एकेका देणगीदाराच्या नावाचं. त्यात केंद्रासाठी निधीही जमेल आणि वसंतशेठना 'युवामित्र' पुरस्कारही देता येईल. शेठ लाजल्यासारखे हसले आणि म्हणाले, "पुरस्कार-बिरस्कार काय करायचाय मला? पण देणारच असाल तर मानपत्र तेवढं इनामदार सरांचं पाहिजे."

माणूस हुशार. सरांची ती रीत साऱ्या जिल्ह्याला ठाऊक होती. खाली त्यांचं नाव असलेलं मानपत्र म्हणजे हाताखालच्या माणसाने पास केलेला माणूस. त्यांना नेमकं तेच भिंतीवर लावायचं होतं.

विचारायला मी कोल्हारला गेले. सर अंगणात खुर्ची टाकून बसले होते. मी सगळं सांगितलं. त्यांनी पेनाचं टोपण काढून पुन्हा बसवलं. मग म्हणाले, "मुलं किती आहेत आता?"

"चौसष्ट."

"मुली?"

"सव्वीस."

आतून भाभी चहाचे कप घेऊन आल्या, आमच्या तोंडाकडे पाहून कप ठेवून मुकाट्याने परत गेल्या. सर म्हणाले, "लिहितो. पण वाचून दाखवायला मला घेऊन चला. एसटी त्या वस्तीपर्यंत जात नाही."

कुठल्या वस्तीवर, ते मी विचारलं नाही. विचारायची गरज नव्हती.

त्या रविवारी मी गाडी काढली. पाथर्डी सोडल्यावर रस्ता संपत गेला आणि नुसती कुसळं उरली. सोपानच्या घरी मी पहिल्यांदाच जात होते. पत्र्याचं घर, दाराशी बांधाबांध चाललेली. भांडी, गोधड्या, पिठाचा डबा. कौसाबाई दगडावर कोयत्याला धार लावत होत्या. सरांना बघून त्यांनी कोयता खाली ठेवला आणि डोक्यावरचा पदर सारखा केला.

"या सर, या. बसा हितं गोधडीवर. ह्या कोन?"

"केंद्रातल्या बाई," सर म्हणाले.

"व्हय का? बरं केलं आलात." त्या माझ्याकडे बघून हसल्या. त्यांना माझ्याबद्दल काही ठाऊक नव्हतं, हे त्या हसण्यावरून समजलं. "च्या टाकते. दूद न्हाई, कोरा चालतो नव्हं?"

मनीषा चहा करायला आत गेली. बारावीचं पुस्तक तिने चुलीपाशीच पालथं ठेवलेलं होतं. कौसाबाई म्हणाल्या, "औंदा हिला नेते. सोपान हुता तवा त्याचं पैसं यायचं, हिची शाळा चालू हुती. आता एकटीचा कोयता कुनी घेत न्हाई. जोडी लागती. मंग आमी मायलेकीच जोडी." ट्रॉली दिवाळी झाली की निघणार होती.

सरांनी खिशातून कागद काढला. "आई, एका माणसाबद्दल लिहिलंय. तुम्हाला वाचून दाखवतो. ऐकून सांगा, हा कोण वाटतो ते."

मी उठून बाहेर जावं म्हणत होते, पण तिथेच बसले. सर वाचायला लागले. मी सरांची पुष्कळ मानपत्रं ऐकली होती. इतकं चांगलं त्यांनी कधीच लिहिलं नव्हतं. त्यात एकही विशेषण नव्हतं. हाताखालच्या प्रत्येक माणसाचं नाव ज्याला पाठ असतं. जो उंचावर माणूस चढवण्याआधी दोर स्वतः ओढून बघतो. ज्याच्या कामावर कुणाला दुखलंखुपलं तर तो त्याच्या घरी गाडी पाठवत नाही, स्वतः जातो, आणि दारात उभा न राहता आत येऊन बसतो. ज्याच्या हजेरीच्या वहीत राबणाऱ्याचं नाव त्याच्या पहिल्याच दिवशी पडतं.

कौसाबाई हनुवटीला हात लावून ऐकत होत्या.

"कोण हा, आई?"

"मला कसं ठावं असनार सर? आपल्याकडं न्हाई असला कुनी." त्यांनी पदराने डोळ्यांच्या कडा पुसल्या. "लई देवमानूस दिसतोय. आमचा सोपान असल्या मानसाच्या हाताखाली गेला असता, तर आज डोळ्यांम्होरं असता बगा. कुटं ऱ्हातो ह्यो?"

सरांनी कागदाची घडी घातली. एकदा, दोनदा, तीनदा, अगदी पेढ्याएवढी होईपर्यंत. "लांब राहतो, आई," ते म्हणाले.

मनीषाने कोरा चहा आणला. आम्ही तो प्यायलो. चहा गोड होता, घरात असेल नसेल तेवढी साखर तिने आमच्या कपात घातली असणार.

परत येताना करंजीचा घाट उतरेपर्यंत सरांनी ती घडी मुठीत धरली होती. मग म्हणाले, "बाई, हे मानपत्र नापास आहे."

मी समोर बघत गाडी चालवत होते. मी म्हणाले, "सर, चौसष्ट मुलं आहेत." आणि त्यांनी काही म्हणायच्या आत पुन्हा म्हणाले, "तुम्ही नाही वाचलंत तर ते जागा देणार नाहीत."

मी हे दोनदा बोलले. सरांच्या वाट्याला फार कमी माणसं अशी आली असतील की ज्यांनी त्यांच्याकडे खोटं मागितलं आणि मिळवलं. त्यातली मी एक.

सोहळा झाला. हॉटेलचा हॉल थंडगार, गोल टेबलांना पांढरी कापडं, मागे मोठ्या पडद्यावर आमची मुलं हसताना. साईबाबांच्या गावात आलोच आहोत तर दर्शनही घेऊ म्हणून पुष्कळ देणगीदार सहकुटुंब आले होते, कपाळाला गंध लावून पनीरचे तुकडे उचलत होते. आमच्या मुलींनी स्वागतगीत म्हटलं. वसंतशेठ पहिल्या टेबलावर होते. गेल्या वर्षभरात ते थोडे वाळले होते. माणूस राक्षस दिसत नव्हता, हेही सांगायला पाहिजे. शेजारी बसलेल्या आपल्या म्हाताऱ्या आईच्या ताटात ते वाढत होते.

सरांचं नाव पुकारलं. ते पायऱ्या चढून वर गेले, माइक उंचीला लावला आणि वाचायला लागले. हॉलमधली कुजबुज थांबली. वेटरसुद्धा ट्रे धरून उभे राहिले. तेच मानपत्र, एकही शब्द बदललेला नव्हता. दोर स्वतः ओढून बघतो. आत येऊन बसतो. हजेरीच्या वहीत नाव पहिल्याच दिवशी पडतं. हे वाक्य आलं तेव्हा मी वसंतशेठकडे पाहिलं. त्यांनी चमचा ताटात ठेवला आणि मान खाली घातली. मला वाटलं, आता हा माणूस उठून जाणार. तो उठला नाही.

शेवटी नाव घ्यायची वेळ आली. सर थांबले. इतके थांबले की अध्यक्षांनी माझ्याकडे पाहिलं. माझा श्वास अडकला होता. मग सरांनी नाव घेतलं. स्पष्ट, शुद्ध, वर्गात हजेरी घेताना घ्यायचे तसं. टाळ्यांचा कडकडाट झाला आणि माझा श्वास सुटला. त्या सुटलेल्या श्वासाची मला आजही लाज वाटते.

वसंतशेठ सरांच्या पाया पडले. फोटो निघाले. सर जेवले नाहीत. शुगर आहे म्हणाले आणि लॉबीत खुर्चीवर बसून राहिले. जिल्ह्यातली दोन-तीन बडी माणसं तिथेच त्यांना स्वतःच्या सत्काराची तारीख सांगून गेली. सर प्रत्येकाला म्हणाले, "माझ्याच्याने आता होत नाही."

जागा आमच्या नावावर झाली. इमारत उभी राहिली. मी हे लिहिते आहे ते त्याच इमारतीत, पंख्याखाली बसून. वरच्या मजल्यावर मुलींचं वसतिगृह आहे आणि तिथून आत्ता हसण्याचा आवाज येतोय. हेही खरंच आहे. मी त्याचं काय करू, मला कळत नाही.

त्याच वर्षीची दिवाळी झाली. इमारत अजून उभी राहायची होती, आणि गोदामाच्या मालकाने आम्हाला तोवर थांबू दिलं होतं. तो शनिवार होता, कारण सर वर्गावर होते. दुपारी फाटकातून कौसाबाई आल्या, मागे मनीषा. कौसाबाईंच्या डोक्यावर बोचकं, मनीषाच्या खांद्याला दप्तर. त्या दिवशी संध्याकाळी त्यांची ट्रॉली निघायची होती. सरांना निरोप गेला. सर ऑफिसात आले तसं कौसाबाईंनी बोचकं खाली ठेवलं आणि उभ्या उभ्याच बोलायला सुरुवात केली. वाटेने पाठ करत आल्या असाव्यात.

"सर, तुमी त्यो कागद वाचला हुता, त्या मानसाकडं हिला लावा. लांब असंल तरी चालंल. झाडू मारंल, च्या करंल, कायबी करंल. बारावी शिकलीय निम्मी. फडावर न्हेऊ वाटंना हिला. तुमी शबूद टाकला तर त्यो न्हाई म्हननार न्हाई. मानूसच तसा हाय ना त्यो?"

माझं उत्तर तयार होतं. तिथे जागा भरल्या, आई. तो माणूस परदेशी गेला, आई. दोन वाक्यांत ते सगळं मिटलं असतं. मी तोंड उघडलं आणि सरांनी माझ्याकडे न बघताच हात वर केला. मग ते खुर्चीत न बसता कौसाबाईंच्या समोर उभे राहिले.

"आई, ते मानपत्र वसंतशेठचं होतं."

कौसाबाईंना आधी कळलंच नाही. त्यांनी मनीषाकडे पाहिलं. मनीषाला कळलं होतं. तिने दप्तराचा पट्टा दोन्ही हातांनी धरला.

"कोन वसंतशेठ? त्योच?"

"तोच."

"त्यो देव असल्यावानी लिवलंय, त्यो?"

"हो, आई. खोटं लिहिलं मी. शिर्डीला चारशे माणसांपुढे वाचलं."

"कशापायी?"

सरांना सांगता आलं असतं. खिडकीबाहेर आमची पोरं नळावर ताटं धूत होती. त्यांच्याकडे बोट दाखवलं असतं तरी पुरलं असतं. माझ्याकडेही दाखवता आलं असतं. सर म्हणाले, "भ्यालो, आई."

कौसाबाई खाली वाकल्या, बोचक्याची गाठ सुटली नव्हती तरी सोडून पुन्हा बांधली. उठताना म्हणाल्या, "भेलो तर आमीबी हुतो सर. पोलिसाम्होरं गप बसलो. सही कर म्हनले, तितं आंगठा दिला. पन आमी त्याला देवमानूस न्हाई म्हनलं."

त्यांचा आवाज चढलेला नव्हता. एवढं बोलून त्या मनीषाला म्हणाल्या, "चल. गाडी जाईल."

मी त्यांना म्हणायला हवं होतं की मनीषाला इथेच ठेवा, जागा आहे, आता तर पक्की इमारत होणार आहे. ते मी म्हणालेही, फाटकापर्यंत मागे जाऊन म्हणाले. मनीषा थांबली आणि तिने आईकडे पाहिलं नाही, माझ्याकडे पाहिलं. "त्याच्या जाग्यात का?" एवढंच विचारलं आणि ती चालायला लागली.

सर त्यांच्या मागे दहा पावलांवरून गेले. मी सरांच्या मागे. स्टँडवर पाथर्डीची गाडी लागलेली होती आणि दारात झुंबड होती. सर गर्दीत शिरले, वाकले आणि कौसाबाईंचं बोचकं उचलून गाडीत चढवायला लागले. सत्तरीचा माणूस, आणि बोचक्यात भांडी होती. कौसाबाईंनी ते बोचकं त्यांच्या हातातून काढून घेतलं. हिसकावलं नाही. शांतपणे काढून घेतलं, खाली ठेवलं, लुगड्याच्या पदराने ते एकदा पुसलं आणि मग स्वतः उचलून आत नेलं.

गाडी गेली. सर तिथेच हात पुढे धरून उभे होते, बोचकं अजून हातात असल्यासारखे. लोक त्यांच्या दोन्ही बाजूंनी वाट काढून जात होते. मी रस्त्याच्या या बाजूला होते. मी रस्ता ओलांडला नाही.